पाणबुड्या काचेवर थुंकतो तेव्हा

सातारा-सांगलीकडून मालवणला सहलीला गेलेल्या मुलांनी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास होड्यांतून समुद्रात उतरणारे पाणबुडे पाहिले असतील. पाठीवर हवेचे नळकांडे, तोंडात नळी आणि डोळ्यांवर काचेचा मोठा मास्क. पाण्यात उतरण्यापूर्वी त्यांतला एखादा मास्क हातात घेतो आणि आतल्या बाजूने काचेवर चक्क थुंकतो! ती थुंकी बोटाने काचभर चोळतो, समुद्राच्या पाण्यात एकदा विसळतो आणि मास्क डोळ्यांवर चढवतो. पाहणाऱ्याला किळस येते. पण जगभरचे पाणबुडे हेच करत आले आहेत, आणि त्यामागे पृष्ठताणाचे मोठे सुंदर शास्त्र आहे.

आधी मास्क लागतोच कशाला, ते पाहू. विहिरीत बुडी मारून डोळे उघडले तर सगळे अंधुक दिसते. हवेतून डोळ्यात शिरताना प्रकाश चांगला वळतो, म्हणून दृष्टिपटलावर स्पष्ट प्रतिमा पडते. पाण्याचा आणि डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा अपवर्तनांक मात्र जवळजवळ सारखा. त्यामुळे पाण्यात प्रकाश पुरेसा वळत नाही. मास्क डोळ्यांपुढे हवेचा एक कप्पा राखतो आणि आपली नेहमीची दृष्टी परत देतो.

पाणबुड्याच्या मास्कमध्ये डोळ्यांबरोबर नाकही झाकलेले असते. पोहण्याच्या साध्या चष्म्यात ते नसते. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो आणि मास्क चेहऱ्यावर आवळू लागतो. अशा वेळी नाकाने थोडी हवा मास्कमध्ये सोडली, की आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो. म्हणजे नाक आत हवेच! आणि अडचण येते ती याच नाकामुळे, कारण नाकातून येणारी हवा उबदार आणि बाष्पाने भरलेली असते.

आता थोडा हिशेब करू. हवा जितकी गरम, तितके जास्त बाष्प तिच्यात मावते. ३३ अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३६ ग्रॅम बाष्प मावते, तर २५ अंशांच्या हवेत सुमारे २३ ग्रॅम. समजा, समुद्राचे पाणी २५ अंशांचे आहे. मास्कची काच या पाण्याला चिकटलेली, म्हणून तीही तितकीच थंड. आतली हवा चेहऱ्यामुळे आणि श्वासामुळे ३३ अंशांची. ती काचेला टेकून थंड झाली की प्रत्येक घनमीटरमागे १३ ग्रॅम बाष्पाला हवेत जागा उरत नाही. त्याचे पाणी होते. यालाच सांद्रीभवन म्हणतात.

मास्कमध्ये घनमीटरभर हवा थोडीच असते! समजा, ती २०० घन सेंटिमीटर आहे. तर पाणी किती सुटेल? जेमतेम अडीच मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या एका थेंबाचा विसावा भाग. एवढ्याशा पाण्याने माणूस आंधळा होतो! १०० चौरस सेंटिमीटरच्या काचेवर हेच पाणी सारखे पसरले असते, तर त्याचा थर मिलिमीटरच्या चार हजाराव्या भागाइतका झाला असता. असा थर डोळ्याला दिसलाही नसता. म्हणजे दोष पाण्याचा नाही, तर ते ज्या रूपात बसते त्याचा आहे.

पाणी बसते ते असंख्य बारीक थेंबांच्या रूपात. ‘अळवावरचे पाणी’ आपण म्हणतो ना, तसे. अळूचे पान मेणचट असते. पाण्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ जास्त आणि मेणाची फारच कमी, म्हणून ते आपसात गोळा होऊन थेंब करतात. स्वच्छ काचेवर पाणी खरे तर चांगले पसरते. पण बोटांचा, त्वचेचा तेलकटपणा लागला की काचेचेही अळू होते. नव्या मास्कवर तर कारखान्यातल्या साच्यातून आलेला सिलिकोनचा पातळ थर असतो. असा प्रत्येक थेंब म्हणजे एक चिमुकले भिंग. प्रकाशकिरण त्यातून वेडेवाकडे फाकतात आणि काच धुरकट दिसते.

सांगली जिल्ह्यात तासगावकडे ज्यांची द्राक्षबाग आहे, त्यांच्या घरी ही गोष्ट वेगळ्या नावाने माहीत असते. दावण्या किंवा भुरी पडू नये म्हणून वेलीवर औषध फवारतात. पानाच्या मेणचट पृष्ठावरून औषधाचे थेंब घरंगळून गेले तर फवारणी फुकट. म्हणून त्यात ‘स्प्रेडर’ मिसळतात. त्याचे रेणू साबणाच्या रेणूंसारखे असतात : एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे, दुसरे तेलाकडे. ते पाण्याच्या पृष्ठभागावर गर्दी करतात, पृष्ठताण कमी होतो आणि थेंब आडवा होऊन पानभर पसरतो.

थुंकी हा पाणबुड्याचा स्प्रेडर! लाळेतली प्रथिने आणि चिकट द्रव्ये काचेला धरून बसतात आणि पाण्याला जवळ करतात. वाफ धरायची थांबत नाही बरे का, पण सुटलेले पाणी थेंब न होता पातळ पडद्यासारखे पसरते आणि त्यातून आरपार दिसते. म्हणूनच थुंकी कोरड्या काचेवर लावायची आणि नंतर फार खळबळून धुवायचे नाही, नाहीतर थरच निघून जातो. नवा मास्क असेल तर आधी टूथपेस्टने चोळून सिलिकोन काढतात. (काच असेल तरच. प्लॅस्टिकवर ओरखडे पडतील.)

पावसाळ्यात वाईहून पसरणीच्या घाटाने पाचगणीला जाणाऱ्या एसटीच्या बंद खिडक्यांवर आतून वाफ धरते, तीही प्रवाशांच्या श्वासामुळेच. मोटारीत काचेवर गरम हवा सोडून ती घालवता येते. पाणबुड्याला हा मार्ग बंद आहे. काच कितीही तापवली तरी सगळा समुद्र तिची उष्णता ओढून घ्यायला बसलेला! पाण्याखाली वाफ धरलीच, तर तो थोडे पाणी मास्कमध्ये घेऊन काच धुतो, मग वरची कड दाबून, मान वर करून नाकाने जोरात हवा सोडतो. पाणी खालून निघून जाते. नवख्याला मात्र याचीच सर्वांत जास्त भीती वाटते, आणि पाण्याखाली घाबरणे फार धोक्याचे असते.

अंतराळातही हे संकट आले आहे. ५ जून १९६६ रोजी जेमिनी-९ यानाबाहेर पडलेले यूजीन सर्नन यांची श्रमाने इतकी दमछाक झाली, की शिरस्त्राणाची काच आतून पूर्ण धुरकटली. हात आत घालता येईना. त्यांनी नाकाने काच घासून बघण्यापुरते भोक पाडले! नियोजित काम अर्धवट टाकून त्यांना यानात परतावे लागले. पुढच्या उड्डाणांत बाहेर पडण्यापूर्वी काचेला धुकेरोधक द्रव चोळण्याची दक्षता घेतली जाऊ लागली.

पण औषधालाही त्याचा त्रास असतो. एप्रिल २००१ मध्ये ख्रिस हॅडफील्ड यानाबाहेर काम करत असताना असाच द्रव डोळ्यात गेला. तिथे अश्रू खाली ओघळत नाहीत. ते डोळ्यावरच फुग्यासारखे साठले आणि दुसऱ्या डोळ्यातही गेले. काही वेळ त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसेना. थुंकीऐवजी साबण वापरायचा तर पाणबुडे लहान मुलांचा, डोळ्यांना न झोंबणारा शांपू पातळ करून घेतात, तो यासाठीच.

घरी करून पाहा. एका लहान आरशाच्या तिसऱ्या भागावर तेलाचे बोट फिरवून पुसा, दुसऱ्या भागावर साबणाची कोरडी वडी घासून मऊ फडक्याने चमकेपर्यंत पुसा, उरलेला तसाच ठेवा. आरसा थोडा वेळ थंड पाण्याच्या भांड्यावर ठेवून मग त्यावर तोंडाने हाऽ करून वाफ सोडा. तिन्ही भाग भिंगातून पाहा. साबणाच्या पट्टीत तुमचा चेहरा दिसत राहील. त्याच पट्टीवर पुन्हा पुन्हा वाफ सोडून ती कितव्या श्वासाला धुरकटते, ते मोजून ठेवा आणि तेवढीच थुंकी लावलेल्या पट्टीशी ताडून बघा.