विश्लेषण : मिररलेस कॅमेरा घेतला, आता जुन्या २४-७० लेन्सचे काय?

लग्नसराईच्या तोंडावर अनेक छायाचित्रकार डीएसएलआर विकून मिररलेसकडे वळतात. कॅमेऱ्याचे पैसे कसेबसे जमतात, पण त्यावर लावायची नवी व्यावसायिक झूम लेन्स पुन्हा दोन लाखांच्या आसपास जाते. मग जुनीच लेन्स अडॅप्टर लावून चालवावी, की कर्ज काढून नवी घ्यावी? हा निर्णय घेण्याआधी काय तपासावे, याचा हा आढावा...

२४-७० एफ/२.८ लेन्सला एवढे महत्त्व का?

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमीला सुमारे ८४ अंशांचे दृश्य मावते, तर ७० मिमीला सुमारे ३४ अंशांचे. म्हणजे अंतरपाट दूर होताना संपूर्ण मांडव आणि उडणाऱ्या अक्षता टिपायच्या, आणि पुढच्याच क्षणी नवरीचा चेहरा, तर लेन्स बदलावी लागत नाही. असे क्षण पुन्हा घडत नाहीत. त्यामुळे लग्न, बातमीदारी आणि कार्यक्रमांचे छायाचित्रण करणाऱ्यांच्या बॅगेत ही लेन्स हमखास असते.

दुसरे कारण प्रकाशाचे. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सचे अॅपर्चर झूम केल्यावर बहुधा एफ/५.६ किंवा त्याहून लहान होते. व्यावसायिक लेन्स ७० मिमीलाही एफ/२.८ राहते. दोन स्टॉपचा हा फरक म्हणजे चौपट प्रकाश. मंगल कार्यालयातील मंद उजेडात किट लेन्सला आयएसओ ६४०० लागत असेल, तर त्याच शटर स्पीडला या लेन्सवर १६०० पुरतो.

जुनी लेन्स मिररलेसवर बसते कशी?

डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा असतो. त्याला जागा हवी म्हणून कॅननच्या ईएफ माउंटमध्ये हे अंतर ४४ मिमी, तर निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिमी ठेवले होते. मिररलेसमध्ये आरसाच नाही. त्यामुळे कॅननच्या आरएफ माउंटमध्ये हे अंतर २० मिमी, निकॉन झेडमध्ये १६ मिमी आणि सोनीच्या ई माउंटमध्ये १८ मिमी आहे.

उरलेली जागा भरून काढणारी नळी म्हणजे अडॅप्टर. कॅनन आणि निकॉन यांच्या स्वतःच्या अडॅप्टरमध्ये काच नसते, त्यामुळे चित्राची गुणवत्ता घटत नाही. विजेच्या जोडण्यांमुळे ऑटोफोकस आणि अॅपर्चरही चालते. उलट दिशेने मात्र हे जमत नाही. मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर लावता येत नाही, कारण तिला सेन्सरच्या जितके जवळ जायचे असते, तिथे आरसा आडवा येतो.

जुन्या लेन्सचा फोकस बिघडतो का?

अनेकदा उलटे घडते. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा, आरशाखाली असतो. लेन्स आणि तो सेन्सर यांच्यात किंचित फरक पडला, तरी डोळ्याऐवजी कान किंवा नाक स्पष्ट येत असे. मिररलेसमध्ये ज्या सेन्सरवर छायाचित्र उमटते, त्याच्यावरच फोकस मोजला जातो. त्यामुळे ही तक्रार बहुतांशी मिटते. शिवाय डोळे ओळखणारा ऑटोफोकस जुन्या लेन्ससोबतही काम करतो.

याला महत्त्व आहे, कारण ७० मिमी आणि एफ/२.८ वर दोन मीटर अंतरावरील व्यक्तीचे छायाचित्र काढले, तर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे १४ सेंटीमीटरचाच असतो. एका चेहऱ्याला तो पुरतो. वधू-वरांच्या मागे आई-वडील उभे असतील, तर पुरत नाही. म्हणून कुटुंबाच्या छायाचित्रासाठी अॅपर्चर एफ/५.६ पर्यंत तरी लहान करावे.

अडचणी कुठे येतात?

निकॉनच्या ज्या जुन्या ऑटोफोकस लेन्समध्ये स्वतःची मोटार नाही, त्यांचा ऑटोफोकस एफटीझेड अडॅप्टरवर चालत नाही. एएफ-एस लेन्सचा चालतो. कॅननच्या काही जुन्या ईएफ लेन्सवर कॅमेऱ्याचा सेकंदाला फ्रेम घेण्याचा पूर्ण वेग मिळत नाही. सोनीच्या अतिवेगवान कॅमेऱ्यांवर इतर कंपन्यांच्या लेन्सना सेकंदाला १५ फ्रेमची मर्यादा येते. लग्नाच्या छायाचित्रणात मात्र या वेगाची गरज क्वचितच पडते.

खरा फरक व्हिडीओत जाणवतो. जुन्या लेन्सची रचना मुख्यतः स्थिर छायाचित्रांसाठी होती. फोकस बदलताना मोटारीचा आवाज कॅमेऱ्यातील माइकमध्ये शिरू शकतो आणि चौकटही किंचित आत-बाहेर होते. ज्यांचे निम्मे उत्पन्न व्हिडीओवर आहे, त्यांच्यासाठी नव्या लेन्सचा खर्च अधिक सयुक्तिक ठरतो.

मिररलेस लेन्स हलकी असते ना?

नेहमीच नाही. निकॉनची २०१५ सालची एफ माउंट २४-७० लेन्स १,०७० ग्रॅमची होती, २०१९ ची झेड माउंट लेन्स ८०५ ग्रॅमची आहे. सोनीची २०१६ ची ८८६ ग्रॅमची लेन्स २०२२ च्या आवृत्तीत ६९५ ग्रॅमवर आली. कॅननच्या बाबतीत मात्र २०१२ ची ईएफ लेन्स ८०५ ग्रॅमची, तर २०१९ ची आरएफ लेन्स ९०० ग्रॅमची आहे, कारण तिच्यात स्टॅबिलायझेशनची भर पडली.

स्टॅबिलायझेशन हाताचा कंप सावरते, समोरच्या माणसाची हालचाल नाही. नवरदेव मिरवणुकीत नाचत असेल, तर शटर स्पीड १/२५० किंवा त्याहून अधिकच हवा. त्यावेळी कामाला येते ते एफ/२.८.

स्वस्त पर्याय कोणता?

टॅमरॉनची सोनी माउंटसाठीची २८-७५ एफ/२.८ लेन्स २०१८ मध्ये आली, तेव्हा तिचे वजन अवघे ५५० ग्रॅम होते आणि किंमतही कंपनीच्या मूळ लेन्सपेक्षा बरीच कमी. सिग्माचीही २४-७० एफ/२.८ सोनी माउंटसाठी मिळते. टॅमरॉनमध्ये २४ ऐवजी २८ पासून सुरुवात होते, म्हणजे दृश्य सुमारे ७५ अंशांचे. मोठ्या लॉनवर हा फरक जाणवणार नाही. पण चाळीतल्या खोलीत हळदीचा कार्यक्रम असेल आणि मागे सरकायला भिंत असेल, तर चांगलाच जाणवेल.

छोट्या सेन्सरचा, म्हणजे एपीएस-सी कॅमेरा असणाऱ्यांनी आणखी एक गणित करावे. तिथे २४-७० चे दृश्य सोनी-निकॉनवर ३६-१०५ इतके आणि कॅननवर साधारण ३८-११२ इतके अरुंद होते. त्यांच्यासाठी याच सेन्सरकरिता बनवलेली १७ मिमीच्या आसपास सुरू होणारी एफ/२.८ झूम अधिक उपयोगाची.

वापरलेली लेन्स घेताना काय पाहावे?

मुंबईतील फोर्टसारख्या बाजारांत डीएसएलआरच्या लेन्स आता तुलनेने स्वस्तात मिळतात. मात्र कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते. लेन्सचे अॅपर्चर उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारावा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती लेन्स घेऊ नये. झूमची रिंग अडखळते का, २४ आणि ७० या दोन्ही टोकांना फोकस लागतो का आणि चौकटीच्या चारही कोपऱ्यांची स्पष्टता सारखी आहे का, हे स्वतःच्या कॅमेऱ्यावर तपासावे. तिचे सुटे भाग अजून मिळतात का, याचीही चौकशी करावी. घरी आणल्यावर पावसाळ्यात ड्राय कॅबिनेटमध्ये ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवावी.

मग निर्णय कसा घ्यावा?

जुनी लेन्स सुस्थितीत असेल आणि काम प्रामुख्याने छायाचित्रांचे असेल, तर आधी अडॅप्टर घेऊन एक हंगाम काढणे परवडते. नवी लेन्स एखाद्या कार्यासाठी भाड्याने आणून दोन्हींची छायाचित्रे शेजारी ठेवून पाहावीत. सभागृहात एलईडी दिवे असतील, तर सायलेंट शटरऐवजी मेकॅनिकल शटर आणि १/५० किंवा १/१०० हा वेग वापरून पाहावा. छायाचित्रावर येणारे काळे-पिवळे पट्टे हे अनेकदा शटर आणि दिव्यांमुळे असतात, त्यासाठी लेन्स बदलून उपयोग नाही. ग्राहकाला देण्याच्या छायाचित्रांत फरक दिसला आणि त्याचे पैसे वाढवून मिळणार असतील, तरच हप्ता सुरू करावा.