सूर्याच्या रस्त्याने

युरोपची सहल करून आलेल्या मंडळींना विचारा, "इटली कशी वाटली?" उत्तर ठरलेले असते. पिसाचा मनोरा खरोखरच कलला आहे, व्हेनिसमध्ये रस्त्यांच्या जागी पाणी आहे आणि रोममध्ये चालून चालून पाय सुजले! यात त्यांचा काही दोष नाही. सहलीची बस तिच्या वेळापत्रकाने धावते आणि वाटेतला देश खिडकीबाहेरून पळत जातो. तेव्हा इटली पाहायची ती स्वतः मोटार हाकत, असे आमच्या घरी ठरले. सौभाग्यवतींनी एकच अट घातली, "अहो, मी 'थांबा' म्हटलं की थांबायचं. 'पुढे बघू' चालणार नाही." मोटार-प्रवासाचे सारे सुख या एका अटीत सामावले आहे, हे पुढे कळले.

तयारी फारशी नाही. आपल्या परवान्याबरोबर आर. टी. ओ. कडून आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा. तो खिशात नसेल तर भाड्याची गाडी मिळणे कठीण. तिकडे रहदारी उजव्या बाजूने, त्यामुळे चक्र डाव्या हाताला. पहिला दिवस सारे कुटुंब 'उजवीकडे, उजवीकडे' असा जप करते; दुसऱ्या दिवशी जप आपोआप थांबतो. जपायचे ते जुन्या गावांच्या वेशीवर. लाल वर्तुळाची आणि 'झोना त्राफिको लिमितातो' अशा अक्षरांची पाटी दिसली की आत गाडी न्यायची नाही. तिथे पोलीस नसतो, कॅमेरा असतो. आणि दंडाचे पत्र आपण घरी परतून फोटो दाखवून संपवल्यावर दारात येते. गाडी वेशीबाहेर उभी करून पायी आत शिरावे. गावे तशीही पायी पाहण्याचीच आहेत.

मोटाररस्त्यांच्या बाबतीत इटली हा आद्य देश. मिलानहून वारेझेकडे जाणारा, केवळ मोटारींसाठी बांधलेला रस्ता १९२४ साली खुला झाला. मिलान ते नेपल्स हा सुमारे ७६० किलोमीटरचा महामार्ग १९६४ साली पूर्ण झाला. त्याचे नाव मोठे गोड, 'आउतोस्त्रादा देल सोले', म्हणजे सूर्याचा महामार्ग! १९५७ साली निघालेल्या इवल्याशा फियाट ५०० मध्ये मुलेबाळे कोंबून त्या पिढीतली कुटुंबे याच रस्त्याने समुद्राकडे धावली. आजही शिरताना चिठ्ठी घ्यायची आणि बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे मोजायचे, अशी रीत बहुतेक ठिकाणी आहे. पिवळ्या पाटीची रांग यंत्र बसवलेल्या गाड्यांची. आपण तिच्या वाटेला जाऊ नये. वेगाची मर्यादा ताशी १३० किलोमीटर, पावसात ११०.

पण खरी मौज महामार्ग सोडल्यावर! पियाचेन्झाहून रिमिनीकडे जाणारी व्हिया एमिलिया इसवी सनापूर्वी १८७ साली रोमनांनी आखली. पार्मा, रेज्जो, मोदेना, बोलोन्या, इमोला, फाएन्झा, फोर्ली अशी गावे तिच्यावर माळेतल्या मण्यांसारखी ओवली आहेत. आणि प्रत्येक मण्याला स्वतःचा वास आहे! पार्मा-रेज्जोचे ते जगप्रसिद्ध कठीण चीज, मोदेनाचा वर्षानुवर्षे पिंपात मुरवलेला द्राक्षांचा शिरका. तहान लागली की 'बार' अशी पाटी शोधावी. दचकू नका, इटलीतला बार म्हणजे बराचसा आपला अमृततुल्यच. काउंटरपाशी उभ्याने कॉफी प्यायली तर स्वस्त, टेबलाशी बसून प्यायली तर बहुधा महाग. पुणेकरांनी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

बोलोन्याच्या पूर्वेला रोमान्या प्रांत लागतो आणि तव्यावरच्या भाजणीचा ओळखीचा वास येतो. ती 'पियादिना', गव्हाच्या पिठाची जाडसर पोळी! आत मऊ चीज आणि पालेभाजी घालून हातात देतात. मात्र पिठात डुकराची चरबी घालण्याची जुनी चाल आहे. शाकाहारी मंडळींनी ऑलिव्हच्या तेलातली आहे का, हे आधी विचारावे. आमच्या चिरंजीवांनी तीन फस्त केल्या आणि आईकडे पाहून म्हणाले, "तुझ्यासारखीच आहे, फक्त जाड." सौभाग्यवतींनी हे कौतुक समजावे की काय, याचा निकाल अजून लागलेला नाही.

याच भागात, कास्तेल बोलोन्येझे गावाजवळ, रस्ता सेनियो नावाच्या नदीवरून जातो. नदी तशी किरकोळ. दोन्ही तीरांना उंच बांध. सहलीची बस इथे थांबण्याचे कारणच नाही. "थांबा," असा मागून हुकूम आला.

९ एप्रिल १९४५ या दिवशी याच नदीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण उतरली होती. अहमदनगर जिल्ह्यातला नामदेव जाधव हा निरोप्या शिपाई. जवळचे सारे सोबती पडल्यावर त्याने दोन जखमींना गोळ्यांच्या माऱ्यातून, खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून एकामागून एक मागे नेले. मग एकट्याने मशीनगनचे तीन मोर्चे बंद पाडले आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची गर्जना करीत मागच्यांना बोलावले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आज त्या बांधांच्या पलीकडे शेते आणि फळबागा आहेत.

पुढे फ्लॉरेन्सला जाताना नवा मार्ग बोगद्यांतून नेतो. घाई नसेल तर फूता खिंडीचा जुना रस्ता धरावा. वळणे आपल्या घाटाची आठवण करून देणारी, उंची ९०३ मीटर. माथ्यावर तीस हजारांहून अधिक जर्मन सैनिकांचे दफनस्थान आहे. सेनियोवर थांबून आलेल्या माणसाने इथेही थांबावे. दगडांवरची वये वाचताना शत्रू-मित्र हा भेद फार काळ टिकत नाही.

खिंड उतरली की तोस्काना. सिएनाच्या दक्षिणेचे ओर्चा खोरे २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. टेकड्यांच्या लाटा, कडेला सुरूची रांग, आणि मधून जाणारे पांढऱ्या मातीचे रस्ते! इथे शेतकऱ्यांच्या घरी उतरण्याची सोय असते. १९८५ च्या कायद्याने शेतीला जोड म्हणून तिला उत्तेजन मिळाले. दुपारी मात्र सारे गाव दुकाने ओढून घेते. आपणही झाडाखाली गाडी लावून डोळे मिटावेत. रागावून उपयोग नाही.

मग उंब्रिया, आणि तैबर नदीचे वरचे खोरे. मोंतोने हे टेकडीवरचे चिमुकले गाव. आमच्या सौभाग्यवतींचे माहेर माणगावचे. तिथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा त्यांनी लहानपणापासून पाहिलेला. तो माणूस लढला ते खोरे हेच. १० जुलै १९४४ ला त्यांच्या तुकडीतला एकूणएक जवान मशीनगनच्या माऱ्यात पडला. घाडगे एकटेच पुढे धावले. बॉम्ब फेकून तोफ बंद पाडली, एकाला टिपले. काडतुसे बदलायला उसंत नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळवले. इतक्यात दबा धरलेल्यांच्या गोळ्या लागल्या. वय अवघे बावीस. त्यांचा देह मिळाला नाही; नाव कास्सिनोच्या स्मारकावर कोरले आहे.

मोंतोनेकरांनी २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले. त्यावरच्या लॅटिन वचनाचा भाव असा की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. सौभाग्यवती बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या गावचा माणूस इतक्या लांब, आणि इथल्या लोकांनी आठवण ठेवली."

मोंतोनेहून रोम सुमारे अडीच तासांवर आहे. इटलीला जाणार असाल तर रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस अवश्य पाहा. ती चुकवू नयेतच. पण नकाशावर सेनियो आणि मोंतोने यांच्यापुढेही पेन्सिलीने फुली मारून ठेवा. गाडी आपली असली, तर वाट थोडी वाकडी करायला कोणाची परवानगी लागत नाही.