हाताची वाट

सकाळचे साडेआठ वाजलेत. ह्यांचा दुसरा चहा अजून व्हायचाय आणि दारात चौघं उभे आहेत: रंगारी, त्याच्या हाताखालचा पोरगा आणि दोन हमाल. रंगारी लातूरकडचा, पंचेचाळिशीचा. चपला बाहेर सोडून आत येतो आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारतो, "काकू, काका दिवसभर कुठं बसणार?"

मला भरून येतं. गेल्या वर्षापासून किती जणांना हे घर दाखवलं! हे कॉटवर बसलेले असायचे आणि येणारा माणूस त्यांच्या डोक्यावरून भिंतीकडे बघायचा. एकानं वीस हजारांची उचल घेतली, रंगाच्या दोन बादल्या आणून ठेवल्या आणि मग फोन उचलणंच बंद केलं. दुसऱ्यानं टेपसुद्धा लावली नाही. कार्पेटच्या साडेतीन पट धरायचं, सगळे तसंच धरतात, म्हणाला. आमचं कार्पेट 600 फूट, म्हणजे 2100 फुटांचे पैसे. या रंगाऱ्यानं पोराला टेपचं टोक धरायला लावून भिंतन् भिंत मोजली, दारं-खिडक्या वजा केल्या आणि 1780चा आकडा लिहिलेला कागद ह्यांच्या हातात दिला. माझ्या नाही, ह्यांच्या. सत्तरी ओलांडली की लोक आपल्याशी बोलता बोलता मुलांचा नंबर मागतात. त्यानं आमच्या मुलीचा नंबर मागितला नाही.

ह्यांची खुर्ची गॅलरीत जाते. शेजारी पाण्याचा तांब्या, रेडिओ, काठी.

ह्यांना काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, पेपरातले मथळे वाचतात, पण कडेचं गेलंय. या दुखण्यात बहुधा कडेचंच आधी जातं आणि गेलेलं परत येत नाही. दिवाळीत रात्री बाथरूमला जाताना पलंगाच्या कोपऱ्याला अडखळून पडले. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. डॉक्टर म्हणाले, रस्ता मोकळा करा. म्हणून हा सगळा घाट. मी वहीच्या पानावर घराची आखणी केलीय: पलंग बाथरूमच्या जवळच्या खोलीत, सागवानी कपाट तिथून हॉलमध्ये, पॅसेजच्या तोंडाशी असलेलं शिवणयंत्र भाचीकडे. भिंती फिक्या आणि दारांच्या चौकटी गडद तपकिरी, म्हणजे दार कुठं आहे ते ह्यांना लांबून कळेल. चमकणारा रंग मुळीच नको, त्याच्यावरून दिव्याची तिरीप डोळ्यांत जाते.

कपाट रात्रीच रिकामं करून ठेवलंय. तरी छोटा हमाल हात लावून बघतो आणि मान हलवतो. थोरला मार्केट यार्डात पोती वाहतो, हमाल पंचायतीचा जुना सभासद आहे; सुट्टीच्या दिवशी अशी घरगुती कामं घेतो. तो आधी खाली बसून कपाटाचे चारही पाय निरखतो. "ओढायचं नाही," तो जोडीदाराला सांगतो, "पाय निखळतील. चालवायचं." कपाट एका कोपऱ्यावर कलतं होतं, पायांखाली गोणपाटाची घडी सरकते. मग दुसरा कोपरा. मग लहान मुलाला हात धरून न्यावं तसं ते एकेक पाऊल टाकत भिंतीपासून सुटतं.

आणि त्याची पाठ दिसते.

आम्ही 1986 साली या घरात राहायला आलो, तेव्हापासून ती कुणी पाहिलेली नाही. जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर एक आडवी रेघ आहे. रेघेच्या वर मूळ सागाचा रंग, खाली लाकूड काळवंडलेलं. फळ्यांच्या सांध्यांत मातकट पूड अजून घट्ट बसलीय. हमाल थांबतात. मी ह्यांना हाताला धरून आत आणते. ह्यांना रेघ दिसत नाही, पण बोट सांध्यावरून फिरतं आणि एका जागी थबकतं.

"पानशेत," हे म्हणतात.

12 जुलै 1961. आधी पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं गेलं आणि नारायण पेठेतल्या वाड्यात पाणी शिरलं. हे तेव्हा चौदा वर्षांचे. पूर ओसरल्यावर वाड्यातल्या बऱ्याच वस्तू टाकून द्याव्या लागल्या. हे कपाट सासूबाईंनी ठेवलं. पावसाळा सरल्यावर अंगणात उघडं करून ऊन दाखवलं, आतल्या फळ्या घासल्या, पाठीला मात्र हात लावला नाही. ही सगळी गोष्ट हे थोरल्या हमालाला सांगतायत. तो कपाटाला खांदा देऊन उभा आहे, अर्धा भार अंगावर घेऊन, आणि ऐकतोय. "झालं" किंवा "चला" असं काही म्हणत नाही. हे हात काढून घेतात, तेव्हाच कपाट पुढे चालू लागतं.

अकरा वाजता हमाल पैसे घेऊन जातात. चहा घेतात, पण बिस्किटांना नको म्हणतात.

आता दारं. पोरगा कोरडा पॉलिश पेपर काढतो, तसा रंगारी त्याचा हात धरतो. "पाणी घे. हा जुना ऑइल पेंट आहे." मला म्हणतो, जुन्या तैलरंगात शिसं असायचं, ती धूळ काकांच्या आणि पोराच्याही छातीत जायला नको. बरोबर आहे त्याचं. 2017च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगांत दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही, पण आमच्या दारांवरचा सगळ्यात खालचा थर 1986चा. पोरगा ओल्या फडक्यानं दार भिजवतो आणि ओलंच घासतो. करड्या रंगाचं पाणी ओघळून खाली अंथरलेल्या प्लास्टिकवर साचतं.

जेवणं होतात. हे गॅलरीत डुलकी घेतायत. एवढ्यात पॅसेजमधून हाक येते, "काकू, जरा इकडं येता का?"

रंगारी भिंतीसमोर उकिडवा बसलाय. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर तो पट्टा आहे. मला तो चांगला ठाऊक आहे. खोलीच्या दारापासून बाथरूमच्या कोपऱ्यापर्यंत गेलेला चार बोटं रुंद, काळसर, तुकतुकीत डाग. पाहुणे यायचे असले की मी तो साबणाच्या पाण्यानं पुसत आलेय. मुलीच्या सासरचे आले तेव्हा त्याच्यापुढे कुंडी ठेवली होती.

"हे तेलकट आहे, याच्यावर लांबी धरणार नाही," तो म्हणतो. "सोड्याच्या पाण्यानं धुवून घेतो. पण धुवायच्या आधी तुम्हाला दाखवावं म्हटलं. काका जाताना उजवा हात इथं लावून जातात, बरोबर? मग येताना?"

मला उत्तर देता येत नाही. तो उठतो, खोलीच्या बाजूला तोंड करून चालत येतो आणि उजवा हात पसरतो. हात थेट शिवणयंत्राच्या लाकडी झाकणावर पडतो. झाकणाचा तो कोपरा मी वाकून बघते. बाकी सगळीकडे पॉलिश शाबूत आहे, तिथं मात्र नाही. लाकूड पांढुरकं, गुळगुळीत झालंय, देवळाच्या उंबऱ्यासारखं.

मी वहीचं पान काढते. माझ्या आखणीत यंत्र नाही. पट्टाही नाही. डॉक्टरांनी रस्ता मोकळा करा म्हटलं आणि मी इतका मोकळा केला, की धरायला काही उरलंच नाही. रोज रात्री मी शेजारी जागी असते, हे सुखरूप परत येईपर्यंत कान देऊन पडते, आणि ह्यांचा हात कशावर असतो हे मला एका रंगाऱ्यानं दाखवावं!

यंत्र कुठं जाणार नाही, हे तिथल्या तिथं ठरतं. भिंतीला दांडी लावायचंही ठरतं. मुठीत सहज मावेल अशी गोल, लाकडी. स्टील थंडीत गार लागतं. रंगारी बोटानं भिंत ठोकून बघतो. अर्ध्या विटेची आहे. नुसत्या गिलाव्यात स्क्रू मारला तर माणसाच्या भारानं निघून येईल, विटेत खोल फास्टनर घालायला लागतील. "सुतार माझ्या ओळखीतला आहे," तो म्हणतो, "पण कुठल्या उंचीवर ते तो मलाच विचारणार."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पॅसेजच्या भिंतीवर प्रायमरचा हात मारून झालाय आणि तो वाळलाय. पट्टा गेला. भिंत कोरी, पांढरी आहे आणि मला ती परकी वाटते. पलंग नव्या खोलीत आलाय, यंत्र जागेवर आहे. रंगारी ह्यांच्यासमोर येऊन उभा राहतो.

"काका, रात्री जाता तसं एकदा जाऊन दाखवता?"

"काठीशिवाय?"

"रात्री घेता का काठी?"

"नाही."

"मग नकोच."

पोरगा पॅसेजची खिडकी ओढून घेतो, दिवा मालवतो. हे पलंगावरून उठतात, चौकट चाचपतात आणि उजवा हात भिंतीवर ठेवतात. पाठोपाठ रंगारी, हातात पेन्सिल. हात जिथं जिथं टेकतो, तिथं हात पुढे सरकल्यावर तो एकेक बारीक खूण करतो. कुणी बोलत नाही. चपलांचा आवाज आणि पेन्सिलीचं टोक टेकल्याचा आवाज, इतकंच.

हे बाथरूमच्या दाराशी पोचतात. पोरगा दिवा लावतो.

पांढऱ्या भिंतीवर अकरा खुणा आहेत. माझ्या अंदाजापेक्षा बऱ्याच खाली, आणि पुढे जाता जाता आणखी उतरत गेलेल्या. नववी आणि दहावी जवळजवळ एकावर एक आहेत. वळणाच्या अगदी अलीकडे.

"इथं थांबता?" मी विचारते.

"हो. थोडा श्वास घेतो," हे म्हणतात. "मग वळतो."

रंगारी त्या दोन खुणांभोवती पेन्सिलीनं गोल काढतो. खिशातून फोन काढतो आणि सुताराला सांगतो की दांडी वळणापाशी तोडायची नाही, कोपऱ्यावरून सलग न्यायची. उद्या दहाला ये, असंही सांगतो. आणि पोराला म्हणतो, या भिंतीला तोवर हात लावू नको.