कर्ज ‘राइट ऑफ’ झालं म्हणजे माफ झालं का? ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’चा घोळ नेमका काय आहे?

बारामती तालुक्यातलं पणदरे. उसाचा पट्टा, नीरा डाव्या कालव्याचं पाणी आणि जवळच माळेगावचा सहकारी साखर कारखाना. हंगाम सुरू झाला की इथं एक क्रियापद दिवसभर कानावर पडतं, ते म्हणजे ‘तोडणे’. पण ते एकटं फार कमी वेळा येतं.

ऊस ‘तोडून नेला’ म्हणजे तो शेतातून गेला. ‘तोडून दिला’ म्हणजे दुसऱ्या कुणासाठी तोडला. ‘तोडून घेतला’ म्हणजे आपलं काम साधून घेतलं. बेण्यासाठी ‘तोडून ठेवला’ म्हणजे पुढच्या कामाची तयारी झाली. आणि ‘तोडून टाकला’ म्हणजे एकदाचं उरकलं. सगळीकडे क्रिया तोडण्याचीच आहे. पण ऊस कुठे गेला, कुणाच्या उपयोगी पडला आणि काम संपलं की नाही, हे मागून येणाऱ्या छोट्या क्रियापदानं सांगितलं.

आता याच फडात इंग्रजी बोलणारा माणूस उभा करा. त्याच्याकडे ‘तोडणे’साठी ‘कट’ आहे, पण मागून जोडायला ‘नेणे’, ‘देणे’, ‘टाकणे’ नाहीत. मग तो ‘डाउन’, ‘ऑफ’, ‘अप’, ‘आउट’, ‘बॅक’ असे शब्द जोडतो. उभं झाड आडवं केलं तर ‘कट डाउन’. फांदी झाडापासून वेगळी केली तर ‘कट ऑफ’. तुकडे तुकडे केले तर ‘कट अप’. आकार कापून बाहेर काढला तर ‘कट आउट’. वाढलेलं छाटलं तर ‘कट बॅक’, आणि खर्च कमी केला तरी ‘कट बॅक’च. (चौकाचौकात उभे असलेले नेत्यांचे कटआउट याच घराण्यातले. कॉलेजच्या प्रवेशाचा कटऑफसुद्धा!)

क्रियापद आणि असा छोटा शब्द यांच्या जोडीला इंग्रजीत ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव छापात आलं ते लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ च्या पुस्तकातून. पण डोकेदुखी त्याहून जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश काढला, तेव्हाच त्यांनी प्रस्तावनेत नोंदवलं होतं की परक्या माणसाला सगळ्यात जास्त अडचण या जोड्यांचीच होते.

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. तरीही दहावी-बारावी झालेला मुलगा ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर, हे बरोबर सांगतो आणि ‘गिव्ह अप’ला अडखळतो. कारण या जोड्या बहुतेक वेळा यादी करून पाठ करायला दिल्या जातात. आपल्याच भाषेत असं काही आहे, हे मात्र फारसं कुणी दाखवत नाही.

सुरुवात हालचालीपासून करू. ‘तो धावत आत आला’ हे वाक्य घ्या. मराठीत मुख्य क्रियापद ‘आला’ आहे, आणि कसा आला ते ‘धावत’नं सांगितलं. इंग्रजीत ‘ही रॅन इन’. मुख्य क्रियापदच ‘धावला’ झालं, आणि आत येण्याची दिशा एवढ्याशा ‘इन’वर सोपवली. चढणे, उतरणे, निघणे, शिरणे या मराठी क्रियापदांच्या पोटातच दिशा असते. इंग्रजी रोजच्या बोलण्यात ‘गो’ला ‘अप’, ‘डाउन’, ‘आउट’, ‘इन’ लावून भागवते. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड टॅल्मी यांनी जगातल्या भाषांची विभागणी याच प्रश्नावर केली: वाट क्रियापदात सांगता की त्याच्या शेजारच्या शब्दात?

खरी गंमत पुढे आहे. हालचालीचे हेच शब्द दोन्ही भाषा बदल सांगायलाही वापरतात. विहीर ‘आटून गेली’. गेली कुठे? कुठेच नाही, ती जागेवरच आहे. पण पाण्याचं ‘नसणं’ आपण ‘जाणे’नं सांगितलं. इंग्रजी म्हणते ‘ड्राइड अप’. तिथंही वर काहीच गेलेलं नाही, ‘अप’ म्हणजे ‘पूर्णपणे’. ‘ईट अप’चं ‘खाऊन टाक’ होतं ते याच हिशेबानं.

देवाणघेवाणीतही तसंच. ‘गिव्ह बॅक’ म्हणजे परत देणे, ‘हँड ओव्हर’ म्हणजे ताब्यात देणे, ‘गिव्ह अवे’ म्हणजे देऊन टाकणे. आणि तो अडलेला ‘गिव्ह अप’? सोडून देणे. ‘देणे’ दोन्हीकडे आहे, बघा. ‘गिव्ह इन’ला मात्र आपण ‘नमतं घेणे’ म्हणतो. तिकडे देतात, इकडे घेतात!

अर्थात सगळं असं सुटत नाही. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, हे कितीही तर्क लढवला तरी निघत नाही. ते पाठच करावं लागतं. पण दिशा, देवाणघेवाण आणि बदल या तीन ठिकाणी ‘हा छोटा शब्द कशाला कुठे हलवतोय?’ एवढं विचारलं तरी बरंच काम होतं.

न विचारल्यास काय होतं? व्हॉट्सअॅपवर आलेल्या नोटिशीत परीक्षा ‘पुट ऑफ’ झाली असेल तर ती पुढे ढकललीय, अभ्यास चालू ठेवायचा. ‘कॉल ऑफ’ असेल तर रद्दच झालीय. ‘ऑफ’ दोन्हीत आहे, फरक आधीच्या शब्दात आहे.

आणि पैशाचा मामला असेल तर चूक महागात पडते. बँकेनं कर्ज ‘राइट ऑफ’ केलं, अशी बातमी आली की खाली ‘माफ केलं’ अशा कमेंट पडतात. इथं ‘ऑफ’ कशावरून, ते बघा. वसुलीची आशा कमी झालेलं कर्ज बँक आपल्या ताळेबंदातून बाजूला काढते, तेवढ्यापुरता हा ‘ऑफ’ आहे. कर्जदाराच्या डोक्यावरून ते उतरलेलं नसतं. देणं कायम राहतं आणि बँक वसुली चालू ठेवू शकते. सरकारी मराठीत याला ‘निर्लेखन’ म्हणतात. कर्जमाफी वेगळी. महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत २०१९ मध्ये २ लाख रुपयांपर्यंतच्या थकीत पीक कर्जातून पात्र शेतकऱ्यांना मुक्त करण्याचा निर्णय झाला, तिथं देणंच संपवायचं होतं. घोळ वाढतो तो इंग्रजी बातम्यांमुळे, कारण त्या कधीकधी कर्जमाफीलाही ‘राइट ऑफ’ म्हणून टाकतात.

तिसरा शब्द ‘पे ऑफ’, म्हणजे कर्ज पूर्ण फेडून टाकणे. ‘पे डाउन’ म्हणजे थोडंथोडं फेडत बोजा खाली आणणे. क्रेडिट रिपोर्टमध्ये आपल्या कर्जापुढे ‘रिटन ऑफ’ दिसलं तर ते सुटल्याची खूण समजू नका. नवं कर्ज मागताना तोच शेरा आडवा येऊ शकतो. बँकेत किंवा सोसायटीत जाऊन बाकी किती आहे ते विचारा, आणि फेडून झाल्यावर बेबाकी दाखला मागून घ्या.