सिग्नलला गाडी बंद पडते? आधी नोंद करा!

संध्याकाळचे सात. स्वारगेटचा सिग्नल. तुम्ही ब्रेक दाबून थांबता आणि इंजिन दोनदा थरथरून गप्प! मागे हॉर्नचा गजर सुरू. चावी फिरवली की गाडी लगेच चालू होते, हायवेला पळतेही झकास. पुढच्या सिग्नलला परत तेच. घरची जुनी गाडी कॉलेजला आणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी हे अनुभवलं असेल.

आमच्या सेकंडहँड हॅचबॅकनेही हाच छळ मांडला होता. एका गॅरेजात 'फ्युएल पंप गेलाय' म्हणून पंप बदलला. साडेचार हजार गेले, त्रास तसाच. दुसऱ्या मेकॅनिककाकांनी मात्र बॉनेट उघडण्याआधी विचारलं, "नेमकी कधी बंद पडते, ते सांग." माझ्याकडे उत्तरच नव्हतं.

आधी थोडी थिअरी. पेट्रोल इंजिन आयडलिंगला साधारण ७०० ते ९०० आरपीएमवर फिरतं. तेव्हा थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, हवा अगदी मोजून आत जाते. त्यामुळे हवा, पेट्रोल किंवा स्पार्क यांत जराशी गडबड झाली तरी इंजिन तग धरत नाही. रेस दिली की तीच गडबड झाकली जाते.

म्हणून आठवडाभर मोबाइलमध्ये नोंद ठेवा. एसी लावल्यावर किंवा स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर बंद पडते? थ्रॉटल बॉडीत कार्बन साचला असेल किंवा आयडल व्हॉल्व्ह अडकत असेल. आयडलिंगला 'सूं' असा आवाज येतो? एखादा रबरी पाइप तडकून जादा हवा खेचत असेल. गाडी थरथरते, मिसिंग मारते? प्लग आणि कॉइल बघा. गरम झाल्यावर अचानक बंद आणि थंड झाल्यावरच चालू? क्रँक सेन्सरवर संशय घ्या. ब्रेक दाबल्यावरच बंद पडते? ब्रेक बूस्टर आणि त्याचा पाइप तपासा, आणि हे काम उद्यावर ढकलू नका.

२०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगखाली ओबीडी पोर्ट असतो. स्कॅनर लावला की कोड मिळतो. पण कोड म्हणजे निकाल नव्हे. 'पी०१७१' एवढंच सांगतो की मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. ते पाइप तडकल्यामुळे की पंप कमजोर झाल्यामुळे, हे शोधावंच लागतं. स्वस्तातलं आधी तपासा: एअर फिल्टर, पाइप, प्लग, थ्रॉटलची सफाई. महागडा पार्ट सगळ्यात शेवटी.

आणि हो, हा प्रश्न फक्त पैशांचा नाही. कात्रज घाट उतरताना इंजिन बंद पडलं तर स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेकची ताकद एक-दोन दाबांपुरतीच उरते. अशा वेळी ब्रेक पंप करत बसू नका. एकदाच घट्ट दाबून धरा, हॅझर्ड लावा, गाडी कडेला घ्या. गाडी थांबेपर्यंत चावी काढू नका, स्टीअरिंग लॉक होईल.

आमच्या गाडीचं काय झालं? आठवडाभराच्या नोंदी दाखवल्या, काकांनी इंजिनाजवळ कान नेला आणि दहा मिनिटांत तडकलेला पाइप सापडला. किंमत १८० रुपये. पंपाचे साडेचार हजार मात्र गेले ते गेलेच. तुमचे तरी वाचवा. गॅरेजात 'गाडी बंद पडते' एवढंच सांगू नका, कधी पडते तेही सांगा!