धमनीची जाडी वेगळी, ताठरपणा वेगळा
(रक्तदाबाची ओळख : लेखांक ७)

वरचा आणि खालचा आकडा म्हणजे काय, ते गेल्या आठवड्यात पाहिले. साठी ओलांडलेल्या माणसाचे प्रेशर १६०/७० आले की घरचे म्हणतात, ‘खालचे बरे आहे ना!’ पण खरी मेख या दोहोंमधल्या ९० च्या फरकात आहे. उतारवयात हा फरक ६० किंवा त्याहून जास्त असेल, तर मोठ्या धमन्या ताठरल्याची शंका घ्यावी. ती पडताळण्याचे एक साधन म्हणजे सोनोग्राफी.

सोनोग्राफी म्हटले की आपल्याला बाळंतपण नाहीतर मुतखडा आठवतो. इथे मात्र रुग्णाला उताणे निजवून, मानेला जेल लावून प्रोब करोटिड धमनीवर टेकवतात. पडद्यावर धमनीच्या भिंती दोन समांतर रेघांसारख्या दिसतात. दर ठोक्याला त्या दूर सरतात, पुन्हा जवळ येतात. समजा, ६ मिलिमीटरचा व्यास ठोक्यासरशी ६.६ झाला, तर तो १० टक्के फुगला. तरुण धमनी साधारण अशी असते. ७ चा जेमतेम ७.३ झाला, तर वाढ ४ टक्क्यांवर आली. त्याच वेळी दंडावरचा दाबही मोजावा लागतो, कारण दाब चढलेला असताना चांगली धमनीही ताठर भासते.

दुसरी रीत वेगाची. नाडीची लाट मानेत कधी पोचली आणि जांघेत कधी, हे डॉपलर व ईसीजीच्या जोडीने टिपतात. हिशोबाचे अंतर ५० सेंटिमीटर आणि वेळेतला फरक ०.०५ सेकंद असेल, तर वेग सेकंदाला १० मीटर. २०१३ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ताठरपणाची हीच मर्यादा धरली आहे. एवढ्या वेगाने रक्त धावत नाही, धावते ती दाबाची लाट. भिंतीतले इलॅस्टिनचे लवचीक धागे झिजून ताठर कोलॅजेन वाढले की ही लाट जोरात पळते, वरचा आकडा चढतो आणि चढलेला दाब भिंत आणखी झिजवतो.

नेहमीच्या करोटिड डॉपलरच्या रिपोर्टात ‘आयएमटी’ असते. ती भिंतीची जाडी. ताठरपणा त्यात बहुधा नसतो. त्यामुळे आयएमटी ठीक म्हणून धमनी लवचीक, असे समजू नये.

मग गोव्यातल्या पार्से-तुये भागातल्या प्रत्येक प्रेशरवाल्याने बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) धाव घ्यावी का? नाही. ताठरपणाचे मोजमाप आजही मुख्यतः संशोधनात आणि निवडक रुग्णांत होते. गोळी ठरते ती दंडावरच्या पट्ट्यावरूनच. शिवाय गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते. प्रेशरच्या यंत्रासारखे ते घरोघर फिरवता येत नाही.

हातातली गोष्ट मिठाची. आगरवाड्याच्या मिठागरातले मीठ गावठी म्हणून दाबाला सौम्य ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चमचाभराच्या आत, मीठ सांगते. त्यात खारे मासे आणि मिठातली तोरेही (कैऱ्या) धरायची. पुढच्या तपासणीला दोन्ही आकडे लिहून घ्या आणि त्यांची वजाबाकी डॉक्टरांना दाखवा.

(पुढील लेखांक : रक्तदाब आणि मूत्रपिंड)