‘ब्राउझरमध्ये उघडतं, मग टूलमध्ये का नाही?’

ऑफिसच्या लॅपटॉपवर पिपने एखादे पॅकेज मागवले, की टर्मिनलवर ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’ अशी ओळ येते. तोच पत्ता क्रोममध्ये टाकला तर पान बिनतक्रार उघडते. यावरून बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात: साइट चालू आहे, नेट चालू आहे, म्हणजे टूलच उगाच अडून बसले आहे, तेव्हा तपासणी बंद करावी. मग एनपीएममध्ये ‘स्ट्रिक्ट एसएसएल’ फॉल्स होते, गिटमध्ये ‘एसएसएल व्हेरिफाय’ फॉल्स होते, नोडमध्ये ‘रिजेक्ट अनऑथराइज्ड’ची किंमत शून्य होते. डाउनलोड सुरू होते आणि निदान बरोबर होते असा समज पक्का होतो. माझे म्हणणे असे, की इथे टूलने दिलेला एरर बहुतेक वेळा शब्दशः खरा असतो. समोरच्या सर्टिफिकेटवर ज्याची सही आहे, त्याला मी ओळखत नाही, एवढेच ते सांगत असते. त्याला ती ओळख करून देणे हा उपाय आहे. ओळख विचारणेच थांबवायला लावल्याने दुखणे तसेच राहते, फक्त दिसेनासे होते.

पहिला गैरसमज असा, की ‘विश्वासार्ह सर्टिफिकेट’ ही सगळ्या जगाला सारखी लागू होणारी गोष्ट आहे. प्रत्यक्षात प्रत्येक प्रोग्रॅम स्वतःची किंवा ऑपरेटिंग सिस्टिमची रूट सर्टिफिकेटांची यादी वापरतो. याचा धडा भारतातच मिळाला आहे. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या काही डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटे सापडली. ती नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरच्या इंटरमीडिएट सर्टिफिकेटांखाली निघाली होती आणि त्यांचे मूळ भारताच्या कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीजच्या रूटमध्ये होते. ते रूट मायक्रोसॉफ्टच्या यादीत असल्यामुळे विंडोजवरचे बहुतेक प्रोग्रॅम ही सर्टिफिकेटे मान्य करत. त्याच विंडोजवरच्या फायरफॉक्सला मात्र झळ लागली नाही, कारण त्याची यादी वेगळी होती आणि तिच्यात हे रूट नव्हते. एकाच लॅपटॉपवरच्या दोन प्रोग्रॅमनी एकाच सर्टिफिकेटाबद्दल उलट निकाल दिले, आणि आपापल्या यादीप्रमाणे दोघांनीही नियमच पाळला.

डेव्हलपरच्या रोजच्या टूलांत ही फारकत आणखी वाढते. जावा आपली यादी ‘कॅसर्ट्स’ नावाच्या फाइलमध्ये ठेवते आणि प्रत्येक जेडीकेची अशी फाइल निराळी असते. एका जेडीकेत कंपनीचे रूट घातले आणि आयडीईबरोबर आलेल्या दुसऱ्या जेडीकेवर ग्रेडल चालले, तर ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ तसेच येत राहते. पायथनची ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररी ‘सर्टिफाय’ या पॅकेजातली मोझिलाची यादी वापरते. नोडमध्ये ती यादी प्रोग्रॅमच्या आतच बसवलेली असते. विंडोजबरोबर येणारे कर्ल मात्र विंडोजचीच यादी पाहते, आणि विंडोजवरच्या गिटमध्ये कोणती यादी वापरायची हे आपण ठरवू शकतो. म्हणून ‘कर्लने होतंय, पायथनने होत नाही’ या तक्रारीवरून पायथन बिघडले आहे असे म्हणता येत नाही.

मग एरवी नावाजलेल्या साइटचे सर्टिफिकेट अनोळखी का ठरते? कंपनीच्या नेटवर्कवरचे उत्तर बहुधा एकच असते: ते त्या साइटचे सर्टिफिकेट नसतेच. अनेक कंपन्यांत बाहेर जाणारी एचटीटीपीएस वाहतूक मधल्या सुरक्षा-यंत्रणेत उघडली जाते, तपासली जाते आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवली जाते. त्यासाठी ती यंत्रणा मागितलेल्या साइटच्या नावाचे नवे सर्टिफिकेट जागच्या जागी तयार करते आणि त्यावर कंपनीच्या खासगी रूटची सही करते. आयटी विभागाने ते रूट विंडोजच्या यादीत आधीच घातलेले असते, म्हणून क्रोम गप्प राहतो. पायथनच्या किंवा नोडच्या यादीत ते कोणी घातलेले नसते. ‘मी प्रॉक्सी लावलेलाच नाही’ हे म्हणणे इथे उपयोगाचे नाही, कारण ही तपासणी लॅपटॉपवरच्या एजंटमार्फत किंवा गेटवेवर, कोणतीही सेटिंग न विचारता होऊ शकते.

याची खात्री करणे फार सोपे आहे आणि तरीही ते क्वचित केले जाते. ओपनएसएसएलच्या ‘एस क्लायंट’ला साइटचे नाव देऊन सर्टिफिकेटांची सगळी साखळी छापायला सांगायची. ‘एस’ने सुरू होणारी ओळ सर्टिफिकेट कोणाच्या नावाचे आहे ते सांगते, ‘आय’ने सुरू होणारी ओळ ते कोणी दिले ते सांगते. पिप जिथून पॅकेजे आणते त्या पायपीआयच्या सर्टिफिकेटाखाली ‘आय’च्या ओळीत स्वतःच्या कंपनीचे किंवा एखाद्या सुरक्षा-उत्पादनाचे नाव दिसले, की वाद मिटतो. पायपीआयला आपली कंपनी सर्टिफिकेट देत नसते. हे पाहायला मिनिटभर लागते, आणि तरी अर्धा दिवस पॅकेज काढून पुन्हा टाकण्यात जातो, याचे वाईट वाटते.

दर वेळी दोष कंपनीच्याच यंत्रणेचा असतो, असे मात्र नाही. सर्व्हरने स्वतःचे सर्टिफिकेट पाठवले आणि मधले इंटरमीडिएट पाठवायचे राहिले, तरी असाच एरर येतो. पुष्कळ ब्राउझर तो दुवा स्वतः शोधून आणतात किंवा आधीच जवळ ठेवतात. कमांड लाइनवरची बहुतेक टूले तसे करत नाहीत. तिथे ब्राउझरच्या उदारपणामुळे सर्व्हरची चूक झाकली जाते आणि दुरुस्ती सर्व्हरवरच करावी लागते. तिसरी शक्यता ३० सप्टेंबर २०२१ रोजी मोठ्या प्रमाणावर दिसली. लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीच्या टोकाला असलेल्या ‘डीएसटी रूट सीए एक्स ३’ या जुन्या रूटची मुदत त्या दिवशी संपली. साइटची सर्टिफिकेटे ताजी होती आणि नवे रूटही बहुतेक ठिकाणी पोचले होते. तरीही ओपनएसएसएल १.०.२ वापरणारी टूले बंद पडली, कारण ती आवृत्ती सर्व्हरने पाठवलेली साखळी धरून जुन्या रूटपर्यंतच जायची आणि तिथे मुदत संपलेली सापडायची. ‘मुदत संपली’ हा एरर वाचून ज्यांनी फक्त साइटच्या सर्टिफिकेटाची तारीख पाहिली, त्यांना काहीच सापडले नाही.

दुसरा मोठा गैरसमज प्रॉक्सीच्या आणि सर्टिफिकेटाच्या एररला एकाच माळेत ओवण्याचा. टूलला प्रॉक्सी सांगितलेला असेल, तर ते आधी प्रॉक्सीला ‘कनेक्ट’ ही विनंती पाठवते: अमुक होस्ट, पोर्ट ४४३. प्रॉक्सीने २०० म्हटले की बोगदा उघडतो, आणि त्यानंतरच टीएलएसची बोलणी व सर्टिफिकेटाची तपासणी सुरू होते. हा क्रम लक्षात ठेवला तर अर्धे निदान आपोआप होते. ४०७ आले तर प्रॉक्सी लॉगिन मागतो आहे. साइटपर्यंत आपण अजून पोचलेलोच नाही, तेव्हा सर्टिफिकेटाच्या सेटिंगला हात लावून काही होणार नाही. उलट सर्टिफिकेट नाकारल्याचा एरर आला, तर सहसा प्रॉक्सीचा टप्पा पार पडलेला असतो. प्रॉक्सीचा पत्ता नीट आहे का, हे पुन्हा पुन्हा तपासण्यात अर्थ नसतो.

प्रॉक्सीच्या सेटिंगमध्येच एक चकवा आहे. ‘एचटीटीपीएस प्रॉक्सी’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची किंमत ‘एचटीटीपीएस’नेच सुरू व्हायला हवी, असे अनेकांना वाटते. त्या नावातला ‘एस’ आपण ज्या साइटकडे जातो तिच्याबद्दल आहे. प्रॉक्सीशी होणारे बोलणे बहुतेक कंपन्यांत साध्या एचटीटीपीवरच असते. चुकून ‘एचटीटीपीएस’ लिहिले, की टूल प्रॉक्सीशीच टीएलएस बोलू लागते, प्रॉक्सी साध्या मजकुरात उत्तर देतो आणि ‘राँग व्हर्जन नंबर’ असा एरर येतो. तो वाचून टीएलएसच्या आवृत्त्या तपासणारे चुकीच्या दारात उभे असतात. शिवाय ‘नो प्रॉक्सी’ची यादी प्रत्येक टूल आपल्या पद्धतीने वाचते, आयपीचा अख्खा पट्टा काहींना कळतो, काहींना नाही. ब्राउझर ‘पॅक’ फाइल चालवून प्रॉक्सी ठरवतो, कमांड लाइनवरची टूले सहसा ती फाइल चालवत नाहीत. डॉकरची इमेज ओढून आणण्याचे काम डीमन करतो, तेव्हा आपल्या टर्मिनलमधले व्हेरिएबल त्याला दिसतच नाही. एसएसएचवरून चालणारे गिट तर या एचटीटीपीच्या सेटिंगकडे बघतही नाही.

आता आक्षेपांकडे येतो, कारण तपासणी बंद करणारे सगळेच निष्काळजी नसतात. पहिला आक्षेप: आम्ही कंपनीच्या आतल्या नेटवर्कवर आहोत, इथे हल्ला कोण करणार? पण सेटिंग नेटवर्कला चिकटलेली नसते, लॅपटॉपला चिकटलेली असते. तोच लॅपटॉप संध्याकाळी घरच्या किंवा विमानतळाच्या वायफायवर असतो आणि गिटचे ग्लोबल कॉन्फिग तिथेही तसेच असते. ती ओळ डॉकरफाइलमध्ये गेली, तर सीआयमधून प्रॉडक्शनपर्यंत पोचते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लॉकफाइलमध्ये पॅकेजचा हॅश असतो, मग मधल्या कोणी फाइल बदलली तरी पकडली जाईलच. हे बऱ्याच अंशी खरे आहे. डेबियनचे एपीटी साध्या एचटीटीपीवरही सुरक्षित राहते, ते याच तत्त्वावर, रिपॉझिटरीवरच्या सहीमुळे. पण हॅश पहिल्यांदा लॉकफाइलमध्ये लिहिला गेला तेव्हाच तपासणी बंद असेल, तर चुकीचाच हॅश नोंदला जाऊ शकतो. पिप तर न सांगता हॅशची सक्ती करत नाही. आणि हॅश फक्त आत येणाऱ्या फाइलची राखण करतो. खासगी रजिस्ट्रीचे टोकन, गिटचा पासवर्ड या बाहेर जाणाऱ्या गोष्टी त्याच तपासणी नसलेल्या जोडणीवरून जातात.

‘तात्पुरते आहे’ या समर्थनाला इतिहासानेच उत्तर दिलेले आहे. २०१२ मध्ये टेक्सास विद्यापीठ आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ब्राउझरबाहेरच्या सॉफ्टवेअरमधली सर्टिफिकेट-तपासणी पाहिली, तेव्हा क्लाउडच्या आणि पेमेंटच्या प्रतिष्ठित लायब्रऱ्यांतही ती मोडलेली आढळली. पायथनच्या स्वतःच्या लायब्रऱ्या डिसेंबर २०१४ मधल्या २.७.९ या आवृत्तीपर्यंत आपणहून सर्टिफिकेट तपासत नव्हत्या. आज जी तपासणी अडचण वाटते, ती मिळवायला कित्येक वर्षे गेली आहेत.

सर्वांत प्रामाणिक आक्षेप वेगळाच आहे: कंपनीची यंत्रणाच वाहतूक मध्ये उघडून बघते, तर तिचे रूट यादीत घालणे म्हणजे त्याच गोष्टीला मान्यता देणे नव्हे का? होय, ती मान्यता आहे आणि तिची किंमतही आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की नेटवर्कवरच्या अशा यंत्रणांतून जाणाऱ्या ६२ टक्के वाहतुकीची सुरक्षा कमी झाली होती. २०१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपवर ‘सुपरफिश’ सापडले, तेव्हा त्या सगळ्यांवर एकच रूट आणि एकच खासगी किल्ली होती. किल्ली बाहेर पडताच ते सगळे लॅपटॉप उघडे पडले. तरीही दोन पर्यायांतला फरक मोठा आहे. कंपनीचे रूट घातले तर एका ठरावीक, ओळखीच्या पक्षाला अधिकार मिळतो. तपासणी बंद केली तर वाटेतल्या प्रत्येकाला मिळतो. म्हणूनच एक सर्रास केला जाणारा उपाय टाळायला हवा: अडलेल्या जोडणीतूनच सर्टिफिकेट उतरवून घेणे आणि तेच यादीत टाकणे. समोर जो कोणी असेल त्यालाच त्याची ओळख विचारून घेण्याचा हा प्रकार आहे. रूट आयटी विभागाकडून घ्यावे आणि त्याचे फिंगरप्रिंट वेगळ्या मार्गाने जुळवून पाहावे.

रूट घालतानाही दोन प्रकारच्या सेटिंगांत गल्लत होते. नोडचे ‘एक्स्ट्रा सीए सर्ट्स’ हे व्हेरिएबल मूळ यादीत भर घालते. ‘रिक्वेस्ट्स’चे ‘सीए बंडल’ किंवा एनपीएमचे ‘सीएफाइल’ मात्र मूळ यादीच्या जागी बसते. तिथे फक्त कंपनीचे रूट असलेली फाइल दिली, तर ऑफिसमध्ये सगळे सुरळीत चालते आणि घरी गेल्यावर हरेक साइट नाकारली जाते. अशा वेळी दोन्ही याद्या जोडलेली एकच फाइल लागते. सर्टिफायची फाइल थेट बदलणे व्यर्थ, पुढच्या अपग्रेडमध्ये ती पुसली जाते. डेबियन आणि उबुंटूवर फाइलच्या नावाचा शेवट ‘.सीआरटी’ नसेल, तर ‘अपडेट सीए सर्टिफिकेट्स’ ती फाइल काहीही न बोलता वगळते, आणि एरर जिथल्या तिथे राहतो. कंटेनरची यादी होस्टपेक्षा निराळी असते. तेव्हा कंपनीचे रूट बेस इमेजमध्येच एकदा घालणे हे प्रत्येक टीमने आपल्या डॉकरफाइलला ठिगळ लावत बसण्यापेक्षा किती तरी बरे, आणि ते काम प्लॅटफॉर्म किंवा आयटी विभागाचे आहे. नवी टूले आता ऑपरेटिंग सिस्टिमच्या यादीकडे वळू लागली आहेत: पिप २४.२ पासून पायथन ३.१० किंवा पुढच्या आवृत्तीवर तीच यादी आपणहून पाहते आणि नोडच्या ताज्या आवृत्त्यांत ‘यूज सिस्टिम सीए’ हा पर्याय आला आहे. जुन्या आवृत्तीत ठिगळे लावण्याआधी टूल अद्ययावत करून पाहावे. तेवढ्याने भागले नाही, तर आयटीकडे पाठवायच्या तक्रारीत ‘नेट चालत नाही’ लिहू नये. टूलचे नाव आणि आवृत्ती, प्रॉक्सीने दिलेला क्रमांक, आणि ‘एस’ व ‘आय’च्या ओळींसह छापलेली साखळी, एवढे लिहिले तर समोरच्याला पुन्हा काही विचारावे लागत नाही.